नखाएवढ्या तुकड्यावरचे पट्टे

मी सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. प्रतीक्षाच्या कंपासपेटीत खोडरबराशेजारी पडून असतो. मला काही वाटत नाही. जे घडलं तेवढं सांगतो.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत प्रतीक्षाच्या थोरल्या बहिणीनं, अंबिकानं, मला तयार केलं. माझ्यावर तिनं पॉलिमरचा पातळ थर दिला. त्याचे रेणू म्हणजे लांब साखळ्या; प्रत्येक साखळीचे दोन भाग असतात. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, पण टोकाला बांधलेले असल्यामुळे लांबही जाता येत नाही. मला तापवल्यावर ते आपोआप आपापल्या पट्ट्यांत सरकले. एक याचा, एक त्याचा. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक पट्टे. मग अंबिकानं प्रोटीनचं पाणी सोडलं. प्रोटीन एकाच प्रकारच्या पट्ट्यांवर बसलं. दुसरे रिकामे राहिले.

काम संपल्यावर, २०१० च्या उन्हाळ्यात, अंबिकानं मला हुमनाबादला घरी आणलं. तिथं आई आणि अप्पा एकमेकांशी बोलत नव्हते. आई चुलीपाशी, अप्पा ओसरीवर.

"प्रतीक्षा, तुझ्या अप्पाला इच्चार, भाकर वाढू का."

"सांग तिला, ऐकू आलंय."

प्रतीक्षा मधे बसायची. तिची दहावी झाली होती. अप्पांना पुण्यात गोदामात काम मिळालं होतं आणि आई इथंच राहणार होती. प्रतीक्षानं कुणाजवळ राहायचं ते ठरलं नव्हतं. तिला आईजवळ राहायचं होतं. ते ती कुणाला बोलली नव्हती.

जेवताना अंबिकानं मला तळहातावर घेऊन पट्ट्यांची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "त्येच्यासाठी हैदराबादला कामून गेलीस? हे तर आपल्याच घरात हाय."

ओसरीवर अप्पा खाकरले. हसू लपवताना ते खाकरतात.

"अक्का," प्रतीक्षानं विचारलं, "प्रोटीननं कुठं बसायचं हे कोन ठरवतंय?"

"कुनी न्हाई. जिथं चिकटतंय तिथं बसतंय."

"मग निघत न्हाई?"

"न्हाई. लई घट्ट चिकटलं की त्येचा आकार बिघडतोय. आपलं काम इसरतंय."

आईचा भाकरी थापणारा हात जरा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

सकाळी अप्पांच्या बॅगेत प्रतीक्षाचे कपडे होते. आईनंच भरले होते. "तिकडं कॉलेज चांगलं हाय," एवढंच ती म्हणाली. प्रतीक्षानं मला कंपासपेटीत टाकलं.

स्टँडवर प्रतीक्षा आधी बसमध्ये चढली. निरोप सांगायला मधे कुणी उरलं नाही. तेव्हा आई थेट अप्पांना म्हणाली, "तिला खिडकीकडं बसवा. गाडी लागतीय तिला."

"व्हय," अप्पा म्हणाले.

एवढंच बोलणं झालं.

आता पुण्याच्या खोलीत संध्याकाळी आईचा फोन येतो.

"करमायलंय का गं?"

"व्हय."

मग अप्पा कोपऱ्यातून म्हणतात, "सांग तिला, माझा खोकला कमी हाय."

प्रतीक्षा तोंड उघडते, तोच फोनमधून आवाज येतो, "सांग त्येन्ला, ऐकू आलंय."

माझ्यावरचं प्रोटीन अजून त्याच पट्ट्यांवर आहे. वाळून गेलंय. तुम्ही मला हातात घेतलंत, तर तुम्हाला नुसता काळा तुकडा दिसेल. कृपा करून धुऊन बघू नका. ते निघत नाही.