गिरणीचा पट्टा

लासूर स्टेशनच्या अंबिकानं मीनाक्षीला आठ दिवस राबून तयार केलं होतं. दोघी आयटीआयला फिटरच्या वर्गात एका बाकावर. वाळूजच्या एका कंपनीनं दोघींनाही मुलाखतीला बोलावलेलं. मीनाक्षीचा धीर मात्र सुटलेला.

"अनुभव इचारला तर काय सांगू गं? मी तर कुठंच काम केलं नाय."

"नाय म्हणून गप बसायचं नाय. आपल्या हातानं केलेलं कायतरी सांगायचं. आता माझंच बघ," अंबिका म्हणायची.

अंबिकाचे वडील गावाला गेलेले असताना त्यांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला होता. दारात बायका दळणाचे डबे घेऊन खोळंबलेल्या. अंबिकानं मेन स्विच बंद केला, पट्टा जोडला, ताण बघितला आणि तासाभरात गिरणी चालू केली. हे तिनं मीनाक्षीपुढं इतक्यांदा म्हणून बघितलं, की मीनाक्षीलाही पाठ झालं.

मुलाखतीला मीनाक्षीचं नाव आधी पुकारलं. ती हसतच बाहेर आली, पण अंबिकाकडं न बघता पाणी प्यायला निघून गेली.

अंबिकानं आत जाऊन गिरणीचं सांगायला सुरुवात केली, तसं साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे आत्ताच एका मुलीनं सांगितलं. पाठ करून येता का सगळ्या?"

"साहेब, गिरणी आमचीच हाय..."

मैत्रिणीचं नाव घ्यावं असं वाटलं, पण जीभ रेटली नाही. पुढचं एकही उत्तर धड आलं नाही.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "माझं सांगितलंस तू?"

"व्हय. माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं काय? तुला धा गोष्टी येतात."

"मग बाहेर आल्यावर मला सांगायचं तरी! मी दुसरं बोलले असते."



काही दिवसांनी मीनाक्षीला नोकरी लागली. तिची आई साळूबाई पेढे घेऊन गिरणीत आली. "पोरी, तू लई शिकवलंस म्हणून झालं बघ."

ती गेल्यावर वडिलांनी विचारलं, "मग तुझं कसं नाय झालं?"

"उत्तरं आली नायत, अण्णा," एवढंच ती बोलली. हातातला पेढा तिनं त्यांच्यापुढं ठेवला.

चार महिन्यांनी चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये तिला काम मिळालं. त्या मुलाखतीला जातेय, हे तिनं अण्णांनासुद्धा सांगितलं नव्हतं.