मागून उघडणारा बूट

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. एस.टी. डेपोसमोर ग्यानोबाचं सीटकव्हरचं दुकान होतं. त्यानं शिवलेली सीट फाटत नाही, गाडीच आधी भंगारात जाते, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी ग्यानोबाच म्हणायचा, ही गोष्ट वेगळी.

एका दुपारी डेपोतला कंडक्टर रत्नपाल त्याच्या आठ वर्षांच्या पोरीला, दीक्षाला, घेऊन दुकानात आला. ही माणसं साखरा गावची. पोरीची डावी बाजू जन्मापासून कमजोर. डावा हात जेमतेम हलायचा, डावा पाय घोट्यात वळायचा नाही. कुठल्याशा शिबिरात मिळालेला जाड बूट त्या पायात होता आणि त्याची शिवण उसवली होती.

"एवढा टाका मारून द्या," रत्नपाल म्हणाला.

"मारू नका," दीक्षा म्हणाली. "फाटू द्या त्याला."

"काहून गं माय?" ग्यानोबानं विचारलं.

दीक्षानं बोटांवर मोजत सांगितलं. वर्गाबाहेर बूट काढायचा, सुट्टीत घालायचा, परत काढायचा. विहारात काढायचा, घरात काढायचा. दर खेपेला नाडीला दोन हात लागतात आणि तिच्याकडं कामाचा एकच. पाय आत घुसवला की बोटं दुमडतात. म्हणून आई दिवसभर शाळेच्या वट्ट्यावर बसून असते.

"पोरी म्हणतात, तू आईला दप्तरात घालून आणती."

ग्यानोबा छाती फुगवून म्हणाला, "मॅटाडोरच्या सगळ्या सीटा मी दीड दिवसात काढतो. हा तर वीतभर बूट. परवा या."

त्या परवाला चार महिने लागले.

पहिल्या बुटाला त्यानं बाजूनं चेन लावली. चेननं मोजा असा धरला की पोरगी बुटासकट झोपली आणि बुटासकटच पहिल्या गाडीनं हिंगोलीला आली. दुसऱ्याला ट्रकच्या टायरचा तळ लावला. तो झिजेना, पण साखऱ्याच्या फुफाट्यात त्याचे असे ठसे उठले की उत्तमराव पाटील चावडीवर विचारू लागले, "गावात एका चाकाची कोणती गाडी येऊन राहिली?" तिसऱ्याला दप्तराची चिकटपट्टी लावली. वर्गाबाहेर काढून ठेवलेला तो बूट बाईंच्या साडीला चिकटला आणि बाई त्याला ओढत थेट हेडमास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

दर खेपेला दीक्षा येऊन एस.टी.च्या तपासणीसासारखा खडा हिशोब द्यायची. ग्यानोबा ऐकून घ्यायचा. शेवटी तो तिला म्हणाला, "पोरी, तुझी तकलीफ मला अजून कळलीच न्हाई. आधी मी घालून पाहतो."

त्यानं आपल्या मापाचा एक बूट शिवला. डावा हात कंबरेला बांधला. घोटा वळू नये म्हणून पायाला दोन फळ्या आवळल्या. अन् भर सकाळी दुकानात बसून एका हातानं बूट चढवायला लागला. दोनदा स्टुलावरून पडला. समोरच्या पानवाल्यानं हे पाहिलं, आणि दहा वाजता डेपोभर झालं की ग्यानोबाला लकवा मारला. अकराला ही खबर फोनवरून औंढ्याला पोचली. दोनच्या गाडीनं त्याची थोरली बहीण रुक्माबाई जवसाच्या तेलाची बाटली घेऊन उतरली, ती रडतच.

त्या वेळी ग्यानोबानं बूट कसाबसा पायात कोंबला होता आणि पट्टा दातात धरून ओढत होता.

"अं... आक्का... अं..."

"जीभ बी गेली की रं माझ्या ग्यान्याची!" रुक्माबाईनं हंबरडा फोडला. मालिश करायला तिनं पाय धरला. बूट निघेना, तशी टाचेला दोन्ही हात घालून तिनं हिसका मारला. टर्रकन आवाज झाला. मागची शिवण तळापर्यंत फाटली, बुटाची टाच खाली लोळली आणि पाय सरळ मागं बाहेर आला.

ग्यानोबाच्या तोंडातला पट्टा गळाला. फाटलेल्या बुटाकडं तो पाहत राहिला. मग पाय मागूनच आत ढकलला. ना घोटा वळला, ना बोटं दुमडली.

"आक्का! सरकला! पाय सरकला!"

"नागनाथ पावला रं बाबा!" रुक्माबाईनं हात जोडले. खरं काय ते तिला समजावून सांगेपर्यंत पानवाल्यानं अर्ध्या डेपोला पेढे वाटले होते.

चौथा बूट आठ दिवसांत झाला. टाच मागं पडायची, पाय आत जायचा. टाचेला ताडपत्रीची मोठी कडी होती. तिच्यात एक बोट अडकवून ओढलं की टाच उभी राहायची आणि पट्टा पुढं येऊन बसायचा. चिकटपट्टीचा काटेरी भाग आतल्या बाजूला ठेवला होता, बाईंच्या साडीचा विचार करून.

दीक्षानं दुकानात बूट घातला, काढला, परत घातला. कोणी हात लावला नाही.

"रंग जीपसारखा हाय," ती म्हणाली.

"जीपच्या सीटचंच कापड हाय."

सोमवारी दुकान बंद ठेवून ग्यानोबा साखऱ्याला गेला. शाळेच्या वट्ट्यावर दीक्षाची आई संध्या बसली होती, रोजच्यासारखी. मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरी भसाभस बाहेर आल्या. संध्या सवयीनं दोन्ही हात पुढं करून उठली. तोवर दीक्षानं पाय सरकवला, कडी ओढली, पट्टा दाबला आणि पोरींच्या मागं बोरीच्या झाडाकडं निघालीसुद्धा.

संध्याचे हात तसेच पुढं राहिले. मग तिनं ते पदरात घेतले.

"दादा, आता मी दिवसभर काय करू?" तिनं विचारलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"डावीकडचा टाका जरा तिरपा गेला माझा," ग्यानोबा म्हणाला आणि दुसरीकडं पाहू लागला. स्वतःच्या टाक्याला त्यानं नाव ठेवलेलं हिंगोलीत कोणी ऐकलं नव्हतं.

संध्या उठली, साडीची धूळ झटकली आणि भर दुपारी एकटीच घराकडं निघाली. अर्ध्या वाटेत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. दीक्षानं एकदाही नाही.