खुणेनं थांबवलेली बस

मी बोलतेय. खांद्याला अडकवायची, जाड निळ्या कापडाची पिशवी. सोफ्याच्या खोळी शिवून उरलेल्या तुकड्यांतून माझा जन्म झाला. शिवलं मला बाळीनं. साठी उलटली तरी घरात तिला सगळे बाळीच म्हणतात. ती लोकांचे कपडे शिवते, कमी बोलते आणि थोरल्या बहिणीचं, ताईचं, सगळं ऐकते.

भाजी आणायला माझा उपयोग झाला. बाळीचे यजमान आजारी होते तेव्हा दवाखान्यात डबे पोचवले. ते गेले आणि मी दारामागच्या खुंटीवर गेले. कुणी ढुंकून बघेना. माझ्या तळाशी धूळ साचली, चेन गंजली.

मग ताईच्या परदेशी राहणाऱ्या मुलानं दोघींना बोलावलं. बाळीनं मला धुतलं, चेनीला मेण चोळलं आणि माझ्या पोटात चष्मे, गोळ्या, पासपोर्ट, फोन असा दोघींचा संसार कोंबला. विमानतळ एका शहरात, मुलगा दुसऱ्यात. मध्ये दिवसभराचा बसचा प्रवास!

काय ती बस! हिरवीगार, दुमजली. आम्हाला वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. समोर भिंतीएवढी काच. रस्ता थेट अंगावर धावून यायचा. बाळी मला पोटाशी धरून बसली होती आणि तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

"ताई, आपण उडतोय गं!"

"पट्टा लाव आधी," ताई म्हणाली.

दुपारी बस एका थांब्यावर थांबली. ताई उठली. "मी तोंड धुऊन येते. तू पिशवी सांभाळ. जागेवरून हलू नकोस."

लोक उतरले, चढले. इंजिन सुरू झालं. ताईचा पत्ता नाही. बाळीनं बाहेर पाहिलं आणि तिच्या बोटांनी माझा पट्टा आवळला. शेजारी तशीच एक हिरवी बस उभी होती. तिच्या वरच्या मजल्यावर, पुढच्याच जागेवर, ताई पदरानं निवांत तोंड पुसत बसली होती!

बाळीनं काच बडवली. ताईनं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि खुणेनं विचारलं, तू तिथे काय करतेस? तेवढ्यात ती बस निघालीसुद्धा, आणि आमचीही हलली.

बाळी मला घेऊन धडाधडा जिना उतरली. चालकबाईपाशी जाऊन, जन्मात कधी ओरडली नसेल अशी ओरडली, "बाई, थांबा! माझी बहीण! त्या बसमध्ये!"

बाईंनी करकचून ब्रेक लावला, पण शब्द काही कळेना. बाळीनं दोन बोटं जुळवून दाखवली. मग एक बोट लांब नेलं, जाणाऱ्या बसकडे. आणि रडायलाच लागली.

बाईंना कळलं. त्यांनी फोन उचलून भराभर काही सांगितलं, बाळीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि बस अशी दामटली की मागच्या लोकांनीही माना उंचावल्या. टेकड्या, पूल, पवनचक्क्या, सगळं सूं सूं मागे! फाट्यापाशी दुसरी बस दिवे उघडझाप करत उभी दिसली, तेव्हा आमच्या बसमध्ये टाळ्या पडल्या.

ताई रस्त्याच्या कडेला उभी होती. रागानं लाल. "जागेवरून हलू नको म्हटलं होतं ना तुला?"

"मी नाही हलले, ताई. तू हललीस."

ताईनं एकदा या बसकडे पाहिलं, एकदा त्या. मग दोघी गळ्यात पडून इतक्या हसल्या, की मी मध्ये चेपून गेले.

बाळीनं डोळे पुसले. "तुझी बस कुठे चाललीय गं?"

"नाव काही जिभेवर येत नाही. पण समुद्र आहे. शेजारचीनं फोटो दाखवला, डोंगरावर रंगीत घरं आणि खाली होड्याच होड्या."

"मग जाऊया की!"

ताई बघतच राहिली. धाकटीनं काही ठरवायची ही पहिलीच वेळ. मी श्वास रोखून धरला.

"सामान उतरव," ताई म्हणाली.

दोन्ही चालकांना खुणांनीच समजावलं. त्या बसमध्ये जागा होत्या. आमच्या चालकबाईंनी बाळीचे दोन्ही हात हातात घेऊन निरोप दिला.

ठरल्या वेळी पोचलो नाही, तेव्हा मुलाचा फोन आला. "आई, अगं चुकलात का तुम्ही?"

"चुकलो नाही रे," ताई म्हणाली, "वळलो! उद्या येतो."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझा निळा रंग आता राखाडी झालाय, पट्टा नव्यानं शिवलाय. ताईचे गुडघे कुरकुरतात, पण बाळी तिला बसू देत नाही. लोक म्हणतात, ही पिशवी टाका आता. नका हो असं बोलू. माझ्या पोटात अजून भरपूर जागा आहे. तुमच्या दारामागेही माझी एखादी बहीण लटकत असेल. तिला झटका, उन्हात ठेवा आणि कुठेतरी न्या.

माझ्यात आत्ताच गोळ्या पडल्या, चष्मे पडले. बाहेर रिक्षा हॉर्न देतेय आणि जिन्यावर बाळीचा आवाज, "ताई, आटप गं!"

चला, चेन लागली. येते मी!