कंदिलामागचा जनरेटर

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, मित्रांनो, आणि आज मला थोडं चिडूनच बोलायचं आहे. आमच्या जातीला हळू बोलता येत नाही. तेवढंच निमित्त करून लोकांनी मला आयुष्यभर मांडवामागे, भिंतीमागे, नाहीतर उकिरड्याशेजारी नेऊन बसवलं. वीज सगळ्यांना हवी असते. ती कुठून येते, ते मात्र कुणाला बघायचं नसतं.

माझा जन्म कुठे झाला हे आता सांगता येत नाही, कारण कारखान्याचं नाव कोरलेली पत्र्याची पट्टी कधीच निखळून पडली. मी तेव्हा हिरवागार होतो. खोपोलीला शिळफाट्यावर रामभाऊ मांडववाल्यांनी मला विकत आणलं, तेव्हा हळदकुंकू लावून, नारळ फोडून माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. तो मान एकदाच मिळाला. पुढे हळदी, लग्नं, सत्यनारायण, कळंबच्या रिसॉर्टवरचे वाढदिवस, सगळीकडे मी राबलो. लाइट गेली की माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. मी धडधडायला लागलो की माणसं टाळ्या वाजवायची, आणि लगेच त्यांच्यातलाच एखादा म्हणायचा, "याला जरा लांब न्या रे, गाणं ऐकू येत नाही."

माझं वय झालं. डिझेलच्या टाकीचा खालचा सांधा गंजला आणि तिथून थेंब थेंब गळू लागलं. मला चालवणारा पोशा माणूस वाईट नव्हता, पण अंगचोर. टाकी उतरवून, धुऊन, तिला वेल्डिंग करून आणायचं म्हणजे खटपट. त्यापेक्षा त्याने धुण्याच्या साबणाचा तुकडा ओला करून सांध्यावर घासला. साबणाने गळती थांबते, हे खरं आहे. पण ती थोडाच वेळ थांबते. "एवढी एक ट्रिप होऊ दे, मंग वेल्डिंग करू," असं पोशा रामभाऊंना दर ट्रिपला सांगायचा आणि रामभाऊ दर ट्रिपला मान डोलवायचे.

अशातच दिवाळीनंतर आमच्या शेडवर अनुपम आला. हा तरुण दिग्दर्शक चार मित्रांना घेऊन, स्वतःच्या हिमतीवर एक सिनेमा काढत होता. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक कुटुंब विजेशिवाय राहत होतं. कर्जतला कॉलेजात शिकवणाऱ्या शशिकांतने नोकरी सोडून तिथे मातीचं घर बांधलं होतं. बायको सुचेता, मुलगी सानवी, दोन गाई, आणि घरामागच्या चढावर बारमाही झरा. झऱ्याखाली दगड रचून त्यांनी एक कुंड केलं होतं. पिणं, स्वयंपाक, भाजीचे वाफे, गाई, सगळं त्या एका कुंडावर चालायचं. सिनेमाची गोष्ट अनुपमने रचलेली होती, पण काम करणार होतं हेच कुटुंब.

आता गंमत बघा. विजेशिवाय जगणाऱ्या घराचा सिनेमा काढायला वीज लागतेच. म्हणून मला टेंपोत घातलं.

शशिकांतने होकार दिला होता, पण एका अटीवर. "तुमचं ते यंत्र माझ्या घरातून दिसता कामा नये आणि ऐकू येता कामा नये," तो अनुपमला म्हणाला. "इतकी वर्षं पाळलंय आम्ही. दारात इंजिन आणून ठेवलं, तर मग कसला सिनेमा करायचा?" मी टेंपोतून उतरत होतो तेव्हा त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाईट वाटलं नाही. लोकांच्या पाठी पाहायची सवयच आहे मला.

पहिला प्रसंग होता तो कंदिलाच्या उजेडात सुचेता तांदूळ निवडते त्याचा. कंदिलाचा उजेड कॅमेऱ्याला पुरेना. मग खिडकीबाहेर दोन मोठे दिवे उभे केले, त्यांच्यावर नारिंगी कागद लावले, आणि झाला कंदिलाचा उजेड. कंदील नुसता शोभेला. त्या बाईच्या चेहऱ्यावर जो सोनेरी उजेड पडला होता ना, मित्रांनो, तो मी देत होतो, गोठ्यामागे बसून, माझ्याच धुरात खोकत.

"आवाज येतोय," अनुपम म्हणाला. मला गोठ्यामागून ऐनाच्या झाडामागे नेलं. तिथूनही आवाज जात होता. मग तिथून करवंदीच्या जाळीत.

"सायेब, आता कुठं न्यायाचा?" पोशा वैतागून म्हणाला. "खाली उतार हाय, थितून आवाज घुमंल."

"वर ने. त्या मोठ्या खडकाच्या मागे. तिथे दिसणारही नाही."

माझं वजन काही थोडंथोडकं नाही. मला बांबूला बांधून सहा माणसांनी वर चढवलं. त्यात शशिकांत नव्हता. अनुपम वाट दाखवत पुढे होता, पण त्याला त्या डोंगरातलं काय ठाऊक? खडकामागची जागा सपाट होती, सावली होती, आवाज अडत होता. त्याला एवढंच हवं होतं. मी टेकलो आणि माझ्या पायाखाली मला ओल लागली. कान देऊन ऐकलं तर मातीखाली बारीक खळखळ चालली होती. झरा तिथेच सुरू होत होता. मी त्या घराच्या पाण्याच्या डोक्यावर बसलो होतो.

मी धडधडत राहिलो. अंग तापलं, हादरे बसले, आणि साबण सुटून पडला. डिझेलचा थेंब खडकावर पडायचा, ओघळायचा आणि फटीत शिरायचा. किती जीव तुटला माझा म्हणून सांगू! मला ओरडायला येतं, पण शब्द येत नाहीत. शेवटी मला जे जमतं ते मी केलं. नळीत हवा ओढून घेतली आणि बंद पडलो.

पोशाने येऊन मला लाथ घातली. हवा काढली, टाकीत आणखी डिझेल ओतलं, हँडल मारलं. मी पुन्हा बंद पडलो. त्याने पुन्हा हँडल मारलं. "म्हातारा लय नखरे करतोय," तो म्हणाला. टाकीखाली त्याने वाकून पाहिलं, खिशातला साबण काढला, घासला, आणि तोंड धुवायला खाली गेला. तापलेल्या पत्र्यावर साबण किती टिकणार?

दुसऱ्या दिवशी सुचेता भाजीसाठी शेळवटाची पानं काढायला त्या बाजूला आली. तिने ओला खडक पाहिला, बोट लावून वास घेतला. मला वाटलं, सुटलो. ती तशीच खाली गेली. अंगणातलं बोलणं मला वरपर्यंत ऐकू आलं, कारण नेमका तेव्हा मी बंद होतो.

"अहो, वर त्या जनरेटरमधून तेल गळतंय. झऱ्याच्या वरच आहे तो. जरा येऊन बघा."

"सुचेता, त्या यंत्राचं नाव घरात काढायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"नाव नका काढू. पण बघा तरी."

"अनुपमला सांग. ती त्याची जबाबदारी. मी तिकडे फिरकणार नाही म्हटलंय, म्हणजे नाही."

तिने अनुपमला सांगितलं. अनुपम म्हणाला, "ताई, उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या संपलं की लगेच हलवतो." मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःला गडगडत दरीत लोटून द्यावंसं वाटलं. एकाला मला बघायचं नव्हतं, दुसऱ्याला हलवायचं नव्हतं, आणि तिसरा साबण शोधत होता.

शेवटचा प्रसंग कुंडापाशी होता. गोष्टीतली बाई मोठ्या आजारातून उठते, चालत झऱ्यावर येते आणि ओंजळभर पाणी पिते, असा. सुचेता वाकली. तिने ओंजळ भरली, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा पिळवटला. घोट तिने गिळला नाही, तोंडावर हात दाबून धरला. डोळे भरून आले. मग तिने मान वर करून सरळ शशिकांतकडे पाहिलं.

"अप्रतिम," अनुपम पुटपुटला. "हेच ठेवायचं."

तेच ठेवलं. सिनेमा दोन-तीन महोत्सवांत दाखवला गेला. पोशाने शेडमध्ये बसून रामभाऊंना मोबाइलवर सिनेमाचं परीक्षण वाचून दाखवलं की त्या एका घोटात सगळ्या निसर्गाची करुणा आहे म्हणे. नाही हो. डिझेल आहे त्यात, माझ्या टाकीतलं.

कुंडाचं पाणी नासलं. वाफ्यातली भाजी जळाली. सुचेता आणि सानवी खालच्या वाडीतल्या नळावर हंडे घेऊन जाऊ लागल्या. तो नळ विजेच्या पंपावर चालतो आणि लाइट असेल तेव्हाच येतो. मग एके दिवशी शशिकांत स्वतः शिळफाट्यावर आला. कुंड उपसायला पंप हवा होता आणि पंपाला वीज. तो शेडभर बघत फिरला आणि त्याने पोशाला विचारलं, "यातला कुठला होता तो?"

त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं. पोशाने माझ्याकडे बोट केलं. शशिकांत गुडघ्यावर बसला, त्याने टाकीखाली हात घातला, बोटं हुंगली. "आधी हिला वेल्डिंग करून आण," तो म्हणाला. "मी थांबतो इथे."

टाकीला टाका पडला. आता मी त्यांच्या अंगणात, अगदी दारासमोर असतो. घरातून दिसतो, दूरवर ऐकू जातो, आणि कुंड उपसतो. पाणी उपसलं की नवं झिरपतं. शशिकांत रोज माझी टाकी पुसून बघतो. मित्रांनो, तुमचं काम ज्याच्यावर चालतं तो काळा असो, कर्कश असो, त्याला नजरेआड करू नका. नजरेआड ठेवलेलं गळत असतं, आणि ते पाझरतं आपल्याच पाण्यात.

आज सकाळीही मला बंद करून सुचेता कुंडात उतरली. नवं पाणी ओंजळीत घेऊन तिने नाकाशी नेलं. शशिकांत वर उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"अजून येतोय वास," ती म्हणाली आणि तिने ओंजळ रिकामी केली. शशिकांत माझ्यापाशी आला आणि त्याने हँडल मारलं.