पाण्यातले तात्या

मी एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे फार नव्हे, पाच-सहा वर्षांची. पण माझ्या मानेला टवका गेला आहे, बूड घासून पांढुरके झाले आहे, आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे. धारमधल्या एका घरात, देवघराशेजारच्या फळीवर मी उभी असते. माझ्या पोटात नर्मदेचे पाणी असते आणि त्या पाण्यात काळी टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा चेहरा असतो. नवा पाहुणा आला की मला पाहून दचकतोच. मित्रांनो, तुम्ही दचकू नका. बसा, सांगते.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. फार गरम होते एवढेच आठवते. मग गवतात गुंडाळून, पोत्यात भरून मला देवासला आणले आणि तिथे मी शरदरावांच्या हाती लागले. शरदराव मूळचे चोपड्याचे. नोकरीसाठी देवासला आले आणि एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढू लागले. दिवसभर नकाशे काढूनही माणसाचे हात शिवशिवायचे. घरी आले की ते पारदर्शक फिल्मवर फुलापानांचे चित्र काढायचे, तिची सुरळी करून बाटलीच्या तोंडातून आत सरकवायचे, आणि लांब चिमट्याने ती आत उलगडून मागच्या भिंतीला चिकटवायचे. मग रंगीत पाणी भरायचे. बाटली समोर धरली की चित्र पाण्यातून दिसायचे. फुले-पाने थोडी रुंद दिसली तरी कोणाला खटकायचे नाही. बायको, म्हणजे अलकाताई, म्हणायच्या, "घरात प्यायला ग्लास सापडत नाही, आणि बाटल्या बघा किती!" लेक श्रिया मात्र बापाच्या बाजूची होती. चिमटा धरायला तीच बसायची.

कारखान्यात धवल नावाचा एक तरुण होता. त्याचे लग्न ठरले, तेव्हा शरदरावांनी हौसेने डझनभर बाटल्या केल्या. आत नवरा-नवरीचा फोटो आणि मंडपात गेल्यावर गुलाबी पाणी भरायचे, असा बेत होता. रिकाम्या बाटल्यांत फोटो ठाकठीक दिसत होता. मंडपात पाणी भरले आणि घोटाळा झाला. भरलेली गोल बाटली म्हणजे भिंगच की! दोघांची उंची तेवढीच राहिली आणि रुंदी झाली दुप्पट. वऱ्हाडी हसून लोटपोट. कोणीतरी ओरडले, "अरे भिया, ये तो दो की जगह चार की शादी हो गई!" नवरी मात्र हसली नाही.

शरदराव बाटल्या गोळा करून घरी आले. आयुष्यभर सुताचेही माप न चुकवणारा माणूस, पण पाण्याला विचारायचे राहून गेले होते. तिसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसले आणि त्यांनी हिशेब लावला: पाण्यातला चेहरा नीट दिसायला हवा असेल, तर चित्र अर्ध्या रुंदीचे काढायचे. कोरडे असताना ते किडकिडीत, ओढलेले दिसेल. पाणी भरले की गाल भरतील. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी कहाणी या मापाची आहे. त्या फजितीतल्या बाटल्या एकेक करून फुटल्या, कोणाकोणाला दिल्या गेल्या. मी तेवढी उरले.

आता तात्यांचे सांगते. तात्या म्हणजे अलकाताईंचे वडील. त्यांचे पूर्वज कधीकाळी धारच्या दरबारात कागदपत्रे सांभाळायला आलेले. तात्या स्वतः शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतले. दर पौर्णिमेला बसने खलघाटला जायचे आणि नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन भरून आणायचे. आपल्याकडे माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात नर्मदेचे दोन थेंब घालतात. ऐन वेळी शोधाशोध होते. गल्लीत मात्र कोणी शोधत नसे. तात्यांचे दार वाजवायचे, की तात्या लोटा भरून देणार. कोणाच्या घरचा, कुठल्या जातीचा, मागे भांडला होता का, हे त्यांनी कधी विचारले नाही.

पुढे तात्या आजारी पडले. आठ महिने अंथरुणाला होते. अक्का, म्हणजे त्यांची पत्नी, त्यांना चमच्याने पेज भरवायच्या. खलघाटच्या फेऱ्या थांबल्या, पण दार वाजायचे थांबले नाही. कॅन रिकामे होत गेले. शेवटचा लोटा शेजारच्या जमुनाबाईच्या सासऱ्यासाठी गेला. तात्यांनीच पडल्यापडल्या हाताने खूण केली होती, देऊन टाका.

त्यानंतर पाचव्या दिवशी तात्यांचा श्वास लागला, आणि घरात नर्मदेचा थेंब नव्हता.

शरदराव आणि अलकाताई तेव्हा धारलाच होते. शरदराव मोटारसायकल काढून खलघाटला निघाले. जाऊन-येऊन साडेतीन तास. कॅन घेऊन ते दारात उभे राहिले, तेव्हा तात्यांना जाऊन अर्धा तास झाला होता. अक्कांनी घरातल्याच पाण्यात तुळशीचे पान घालून वेळ निभावली होती. कोणी शरदरावांना बोल लावला नाही. अक्का एवढेच म्हणाल्या, "साऱ्या गल्लीला पाजलं ह्यांनी. ह्यांच्या वेळी मात्र नाही मिळालं."

हे वाक्य शरदरावांच्या जिव्हारी लागले. तेराव्यानंतर देवासला परतल्यावर त्यांनी मला पुढ्यात घेतले आणि आतला नवरा-नवरीचा फोटो चिमट्याने काढून टाकला. तात्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो समोर ठेवला: भरलेले गाल, काळी टोपी, ओठांवर किंचित हसू. अर्ध्या रुंदीत तो चेहरा उतरवायला त्यांना अकरा दिवस लागले. मला आठवते, काम करताना ते मधेच थांबून चष्मा पुसायचे. फिल्म आत उलगडली. मग उशिरा आलेले ते पाणी कॅनमधून माझ्यात ओतले, गळ्यापर्यंत. माझ्या पोटात तात्यांचे गाल भरून आले, आणि शरदरावांनी पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास सोडला.

अक्कांना त्यांनी मी रिकामी असताना कधी दाखवलेच नाही. भरून, बूच बसवून, वरून मेण लावून मला धारला नेले. अक्कांनी पदराने मला पुसले आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. शरदराव म्हणाले, "अक्का, हे त्यांच्यासाठी आणलेलं पाणी आहे. ह्यातलं काढू नका हं कधी." पाणी उतरले तर चेहराही उतरेल, हे काही त्यांच्या तोंडून निघाले नाही. जावयाला सासूपुढे ते सांगवेना. दर खेपेला आले की ते आधी माझ्या गळ्याकडे बघायचे, पाणी कमी तर झाले नाही ना.

तीन वर्षे मी तशीच उभी राहिले. सुरुवातीला कौतुक फार झाले. लांबून लांबून लोक यायचे, मोबाइलवर माझे फोटो काढायचे. एक गृहस्थ तर सरदारपूरहून आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आले, "ऐसी ही बना दो" म्हणाले. मग कौतुक ओसरले. अक्का रोज मला पुसायच्या, हळद-कुंकवाचे बोट लावायच्या, आणि उगाच अवघडून उभ्या राहायच्या. मी काठोकाठ भरलेली आणि कोणाच्या कामाची नाही. मित्रांनो, कामाने येणारा थकवा मला माहीत नव्हता. पण भरलेल्या पोटाने नुसते उभे राहण्याचा थकवा किती असतो, ते मला विचारा.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. श्रिया सुटीत आजीकडे आली होती. दुपारची वेळ होती, अक्का गहू निवडत होत्या. जमुनाबाई घाईघाईने आत आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"अक्काजी, म्हारी सासू को जीव अटक्यो हे. बार-बार नरबदा मैया को नाम ले री हे. थोड़ो जल दई दो."

अक्कांचा हात सुपात थांबला. त्यांनी वर पाहिले नाही. "नहीं है, जमुना. वो गए तब से कौन लाता है?"

जमुनाबाईने पदर डोक्यावर घेतला. "हां, बात तो सही हे," म्हणाली आणि आली तशी गेली. मी दहा हातांवर होते. काठोकाठ भरलेली. माझ्या पोटात तात्या हसत होते, आणि त्यांच्या दारातून पहिल्यांदाच कोणी रिकाम्या हाताने गेले होते. काचेला लाज वाटत नाही असे तुम्हांला वाटत असेल. वाटते.

श्रिया हळूच म्हणाली, "आजी, पाणी तर आहे ना. झूठ कशाला बोललीस?"

"ते ह्यांचं आहे," अक्का म्हणाल्या. "शेवटचा लोटा जमुनाच्याच घरी गेला. तो असता तर... ह्यांच्या तोंडात पडलं असतं. आता हेही त्यांनाच देऊ?"

"पण आजोबांनीच तर दिलं होतं तेव्हा. आजोबा कोणालाच 'ना' म्हणायचे नाहीत."

सुपातले गहू अक्कांनी उगाच एकदा पाखडले. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फळीपाशी आल्या आणि मला दोन्ही हातांनी उतरवले. भाजीच्या सुरीने मेण खरवडू लागल्या.

आता श्रियाच घाबरली. "आजी, थांब! बाबांनी मना केलंय. पाणी कमी झालं तर आजोबा..." तिला मराठी शब्द सापडेना. "दुबळे होऊन जातील, आजी. एकदम पतले. बाबांनी तुला सांगितलं नाही, पण मी बघितलंय."

अक्का थबकल्या. माझ्याकडे, म्हणजे तात्यांकडे, त्यांनी पाहिले. मला वाटले, संपले. आता पुन्हा मेण, पुन्हा फळी. पण त्या म्हणाल्या, "असू दे. चल, चप्पल घाल."

शेजारच्या घरात सीताबाई, जमुनाबाईची सासू, खाटेवर होत्या. ओठ सुकून गेले होते. मला पाहताच जमुनाबाईच्या सारे लक्षात आले. तिने अक्कांकडे एकदाच पाहिले आणि मुकाट्याने चमचा पुढे केला. मघाच्या नकाराबद्दल ती एक शब्द बोलली नाही, त्याबद्दल मी तिची जन्मभराची ऋणी आहे. अक्कांनी पहिला चमचा स्वतः घातला. सीताबाईंच्या घशाची हालचाल झाली. दुसरा सुनेने घातला, तिसरा मुलाने. मग नातवंडे, मग गावाहून आलेल्या लेकी. घर मोठे होते. पुढे थोडे लागेल म्हणून एक लोटाही अक्कांनी भरून दिला. तिसऱ्या प्रहरी सीताबाई शांतपणे गेल्या.

अक्का मला घेऊन आपल्या ओट्यावर आल्या आणि पायरीवर बसल्या. पाणी तात्यांच्या हनुवटीखाली उतरले होते. वरती टोपी, कपाळ, डोळे, गाल, सारे अर्ध्यावर आलेले. हाडांना कातडी चिकटल्यासारखा चेहरा. उन्हात तो फार स्पष्ट दिसत होता. श्रिया रडवेली होऊन म्हणाली, "सॉरी, आजी. मी नाही बघू शकत."

अक्का मात्र बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, हेच," त्या म्हणाल्या. "हेच ते. आठ महिने मी ह्याच तोंडाला भरवलं. गालफडं अशीच आत गेली होती. तुझ्या बापाने जावयाच्या मायेने गाल भरून दिले, पण तीन वर्षं मला कोणी पाहुणाच आणून बसवल्यासारखं वाटायचं. बोलायचं सुचायचंच नाही त्यांच्याशी."

मग त्यांनी मला हळूच तिरके केले. तळाशी उरलेले पाणी माझ्या पोटात सरकले, हनुवटीवरून वर चढले आणि तात्यांच्या ओठांपर्यंत आले. पाणी लागताच ओठ रुंदावले, जसे फोटोत होते तसे.

"घ्या," अक्का म्हणाल्या. "उशीर झाला, पण घ्या."

त्या दिवसापासून माझ्या बुचाला मेण लागलेले नाही. शरदराव दर पौर्णिमेला खलघाटला जातात आणि मला भरून आणतात. महिनाभर दारे वाजत राहतात, मी या घरातून त्या घरात जाते. मानेचा टवका त्याच धावपळीतला. फिल्मची एक कड सुटू लागली आहे. एक दिवस तात्यांचा चेहरा निघून येईल आणि मी साधी बाटली होईन. त्याची मला आता भीती वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे काहीतरी असेल, कोणाच्या तरी आठवणीने जपून, वर ठेवून दिलेले. त्याला पुसता, त्याबद्दल तुमचे भले होवो. पण एखाद दिवशी त्याला खाली उतरवा आणि ज्याला गरज आहे त्याच्या दारी न्या. झिजेल, फुटेल, झिजू द्या. मी दमले आहे हे खरे. पण तीन वर्षे भरून उभी असताना जशी दमले होते, तशी नाही. आता पौर्णिमेला चार दिवस आहेत. पाणी तात्यांच्या हनुवटीखाली आले आहे, आणि अक्का समोर पाट मांडून त्यांच्याशी बोलत बसल्या आहेत.