तक्रार नसलेली वस्ती

पाणीपुरवठा खात्यात तक्रारींची नोंद ठेवणारा एक कारकून होता. दर सोमवारी तो तक्ता करून इंजिनियरसाहेबांच्या टेबलावर ठेवी. ज्या भागातून तक्रारी जास्त, तिथली लाइन आधी दुरुस्त व्हायची. यात काही गैर आहे असं त्याला कधी वाटलं नाही. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," असं तो म्हणे.

टेकडीखालची वस्ती तक्त्यात हल्ली तळाशी असे. वर्षभरात तिथून आलेल्या तक्रारी फक्त तीन.

एके दिवशी समाजशास्त्राच्या प्राध्यापक बाई खात्यात आल्या. शहरातल्या काविळीचा त्या अभ्यास करत होत्या. तक्रारींच्या नोंदींशेजारी त्यांनी दवाखान्यांतल्या रुग्णांची यादी मांडली.

"हे बघा. बंगल्यांच्या भागात हजार घरांमागे तक्रारी एकशेदहा, कावीळ दोघांना. टेकडीखाली हजार घरांमागे तक्रार एक, कावीळ एकेचाळीस जणांना. उलटं नाही वाटत तुम्हाला?"

"ती माणसंच तशी, बाई. हात धुवायचं माहीत नाही त्यांना."

"मलाही आधी तेच सांगण्यात आलं. म्हणून वस्तीतली बोअरचं पाणी पिणारी घरं वेगळी काढली. माणसं तीच, सवयी त्याच. तिथे हजारी तीन. फरक आहे तो तुमच्या नळाचा."

"कागदावर काय, काहीही सिद्ध करता येतं," म्हणत कारकुनाने लाइन तपासण्यासाठी त्यांनी आणलेला अर्ज फाइलीत सारला. आपली सख्खी थोरली बहीण त्याच वस्तीत राहते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

दीड महिन्याने बहिणीची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. तिला कावीळ झाली, आणि आठ दिवसांत ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

सगळं आटोपल्यावर तो बहिणीजवळ बसला. "ताई, पाण्याला वास येत होता, तर मला सांगायचं नाहीस का?"

"चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तू म्हणालास, रीतसर अर्ज कर. मी केला, शेजारणीने केला, सगळ्या गल्लीने केला. कुणी फिरकलं नाही. दगडावर डोकं किती दिवस आपटायचं रे?"

दुसऱ्या दिवशी त्याने वस्तीच्या जुन्या नोंदी काढल्या. पहिल्या वर्षी तक्रारी दोनशे बारा, तरी बंगल्यांच्या भागाहून कमी. मग नव्वद. मग सतरा. मग तीन. अक्षर त्याचंच होतं. खाली शेराही त्याचाच: 'तक्रारींत लक्षणीय घट.' त्या घटीबद्दल खात्याने त्याचा सत्कार केला होता. घटली होती ती लोकांची आशा, आणि तो त्या घटीला सुधारणा समजून हार घालून घेत होता!

तो बाईंकडे गेला. त्यांनी त्याचं सांत्वन केलं नाही, कागद पुढे ओढले. दोघांनी नवा तक्ता केला: हजार घरांमागे रुग्ण किती.

साहेबांनी तो बाजूला सारला. "ही आकडेमोड वर गेली तर माझी नाचक्की होईल."

"साहेब, यातली रुग्णांची यादी जुनी आहे," कारकून म्हणाला. "माझ्या भाचीचं नाव यात नाही. ते मला वेगळ्या कागदावर लिहून वर पाठवावं लागेल."

साहेबांनी खोदकामाच्या आदेशावर सही केली. खोदल्यावर दिसलं, पिण्याच्या पाण्याचा गंजलेला पाइप गटाराच्या चेंबरमधून गेला होता. दुरुस्तीला दोन दिवस लागले. पुढच्या वर्षी वस्तीतली कावीळ हजारी चारवर आली.

तो आकडा घेऊन कारकून बहिणीकडे गेला. त्याने कागद वाचून दाखवला. तिने तो ऐकून घेतला आणि विचारलं, "हे तेव्हा का नाही मोजलंस?"



नागरिकहो, माणसं गप्प का होतात, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. त्या गप्प बसण्यात किती जीव जातात, हे गणित दाखवतं. या दोन्ही शास्त्रांनी मिळून दिलेलं उत्तर वेळेत ऐकलं असतं, तर एक मुलगी आज आई असती. म्हणून आपल्या शहरात जिथून एकही तक्रार येत नाही, तिथे आधी जा, आणि मोजा.