चोरलेला गजर

मी चिकट्या बोलतोय. पोपट बोलला याचं तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही, बोलणं हाच आमचा धंदा. पण आजवर मी जे बोललो ते सगळं उसनं होतं. दुसऱ्याचं ऐकायचं आणि तेच परत वाजवायचं, याला तुम्ही पोपटपंची म्हणता ते काही खोटं नाही. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, आणि सांगताना मान वर होत नाही.

माझा जन्म एका पक्षी पाळणाऱ्याच्या घरी, पत्र्याच्या खोक्यात झाला. आम्ही तीन भावंडं. आईनं दोघांना भरवलं आणि मला भरवणं सोडून दिलं, का ते मला ठाऊक नाही. त्या पाळणाऱ्याचं एक घड्याळ काकांकडे दुरुस्तीला होतं. ते न्यायला आला तेव्हा त्यानं मला लोकरीच्या मोज्यात घालून काकांच्या टेबलावर ठेवलं. "जगलं तर तुमचं," म्हणाला आणि घड्याळ घेऊन गेला.

काका घड्याळं दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली, एवढाच त्यांचा संसार. लग्न केलं नाही. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा हात कधी थरथरत नाही. घड्याळात तेलाचा थेंब सोडायची जी बारीक नळी असते, तसली एक नवी नळी त्यांनी काढली आणि दर दोन तासांनी मला पातळ कालवलेलं पीठ भरवलं. ऊब मिळावी म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं. आईच्या काळजाचा आवाज हवा म्हणून खिशात एक टिकटिकणारं घड्याळही ठेवलं. मी जगलो तो त्या खिशात.

पुढे पिसं फुटली, पंख आले, तरी मी खिसा काही सोडला नाही. मावेना झालो तेव्हा खांद्यावर गेलो. काका दाढी करायला बसले की मी डोक्यावर, तोंड धुवायला वाकले की कॉलरला लोंबकळून. ते डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं चाक उचलायचे आणि मी कानाशी बसून सल्ले द्यायचो. गिऱ्हाइकं हसायची. "काका, तुम्ही याला पाळलंय की यानं तुम्हाला?" समोरच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. काकांच्या शर्टांचे डावे खांदे मी कुरतडायचो आणि त्या रफू करून द्यायच्या. चिकट्या हे नाव त्यांचंच. "गोचीड ठेवणार होते," म्हणाल्या, "पण तुमच्याकडे बघून जरा सौम्य घेतलं."

एकदा काका दाढ काढायला गेले. दोन तासांचं काम. मी ओरडून घर डोक्यावर घेतलं, आणि तरी कुणी येईना तेव्हा छातीवरची पिसं उपटायला लागलो. काका सुजलेला गाल धरून आले, माझ्या छातीवर रक्त पाहिलं आणि माझीच माफी मागायला लागले. मी जिंकलो असं मला वाटलं.

आता ताईंचं सांगतो. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा काकांना त्यांनीच वाढवलं. त्या गाडीनं अख्ख्या दिवसाच्या अंतरावर एकट्या राहायच्या. मी चार वर्षांचा असताना त्यांची फुप्फुसं थकली. औषधं चालू होती, पण ही गाडी आता फार पुढे जायची नाही हे त्यांना आणि काकांना दोघांनाही कळलं होतं. त्यांनी फोनवर एवढंच मागितलं, "आठ दिवस ये रे, धाकट्या. काही करू नकोस. नुसता समोर बस."

मला बरोबर न्यावं तर माझ्या पिसांच्या भुग्यानं ताईंना दम लागला असता. मला ठेवून जावं तर मी असा. काका मला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "याला आजार नाही," त्या म्हणाल्या. "याला एकटं राहता येत नाही, एवढंच. एक मिनिट खोलीबाहेर जा, मग दोन, मग पाच. तो गप्प असेल तेव्हाच परत या. ओरडला म्हणून आलात तर सगळं मुसळ केरात. आणि त्याला काही उद्योग द्या, रिकामा बसला की पिसंच उपटणार."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला मिनिटं मोजायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? काकांनी खिडकीपाशी माझ्यासाठी लाकडी दांडी बसवली आणि तिच्याशेजारी एक जुनं गजराचं घड्याळ ठेवलं. गजर लावायचा, बाहेर जायचं, गजर झाला की आत यायचं आणि मला सूर्यफुलाची बी द्यायची. गजर म्हणजे काका येणार, हे मला दोन दिवसांत कळलं. कळल्यावर भीती खरंच कमी झाली. एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं. काका रोज संध्याकाळी फोनवर सांगायचे, "ताई, आज पंचवीस मिनिटं बसला!" ताई म्हणायच्या, "शाब्बास. त्याच्या आधी मी उडून जायला नको म्हणजे झालं." दोघंही हसायचे.

आणि मग मी तो गजर चोरला.

त्या दिवशी चाळीस मिनिटांचा गजर लावून काका समोर बाईंच्या दुकानात चहा प्यायला गेले होते. अर्धा तास झाला असेल, मला कंटाळा आला. मी चोच उघडली आणि गजर वाजवला. काका निम्मा कप टाकून धावत आले. आत आले तर घड्याळ गप्प आणि मी वाजतोय.

त्यांनी तिथल्या तिथे पाठ फिरवायला हवी होती. पण ते पोट धरून हसले. "अगदी तोच सूर! शेवटची घरघरसुद्धा सोडली नाही गड्यानं!" मला अख्खा अक्रोड मिळाला. मग काय, येईल त्या गिऱ्हाइकाला माझा गजर ऐकवायचा. काकांनी तो फोनमध्ये भरून ताईंनाही पाठवला. ताई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आवरेना. आपल्या पोराचं कौतुक करावं तसं दोघांनी माझ्या लबाडीचं कौतुक केलं, आणि पोरगं अर्थातच शेफारलं.

त्यानंतर चाळीस मिनिटांची हद्द कधी ओलांडली गेली नाही. "आज मी येणार नाही हं," असं सांगून काका दाराआड उभे राहायचे. मी गजर वाजवायचो. दाराखालच्या फटीतून त्यांचे जोडे दिसायचे, ते आधी इकडे वळायचे, मग तिकडे, आणि शेवटी दार उघडायचं. काकांना वाटत होतं ते मला शिकवताहेत. शिकत तेच होते, आणि मास्तर मी.

असे सात आठवडे गेले. शिवणवाल्या बाई एक दिवस सुई खोचून आल्या आणि स्पष्टच बोलल्या.

"काका, तुम्ही जा बघू. उपटेल चार पिसं, दुसरं काय? पिसं परत येतात."

"रक्त काढून घेतो हो. मी परत आलो आणि हा नसला तर?"

"आणि तुम्ही पोचलात आणि ताई नसल्या तर?"

काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि खाली बघत राहिले.

पण शनिवारचं तिकीट काढलं. शनिवारी सकाळी बॅग खुर्चीवर आली आणि मला सगळं उमजलं. मी गजर वाजवायला सुरुवात केली तो थांबेचना. काकांनी कानांवर हात ठेवले, दार ओढून घेतलं आणि निघाले. मी तीन पिसं उपटली, चौथ्याला रक्त आलं. पाव तासात काका परत दारात. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत माझा गजर ऐकू येत होता म्हणे.

त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि तसाच फोन लावला. "ताई, पुढच्या आठवड्यात येतो. हा अजून तयार नाही झाला."

"बरं रे. घाई काय आहे? मी कुठे पळून जातेय?"

मी कानाशीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. या वेळी ताई हसल्या नव्हत्या.

गुरुवारी दुपारी फोन आला. आवाज ताईंचा नव्हता, त्यांच्या शेजारणीचा होता. काकांसमोर एक घड्याळ उघडं होतं, चाकं सुटी करून ठेवलेली. काकांनी फोन खाली ठेवला, एकेक चाक जागच्या जागी बसवलं, झाकण लावलं, किल्ली दिली, कानाशी धरून ते चालतंय का ऐकलं आणि मग उठले. त्या दिवशी मी कितीही वाजलो तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. बॅग उचलून ते गाडीला गेले. माझ्यामुळे जे आठ दिवस त्यांना मिळत नव्हते, त्यांतले चार आता मिळाले, आणि समोर बसायला ताई नव्हत्या.

परत आले तेव्हा माझी छाती उघडी पडली होती. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोमट पाण्यात कापूस भिजवून जखम पुसली आणि आत निघून गेले. गजराच्या घड्याळाला त्यांनी पुन्हा किल्ली दिली नाही. मी एकदा गजर वाजवून पाहिला. ते स्वयंपाकघरात एकच कप धूत उभे होते. पुन्हा वाजवला. नळ चालूच राहिला. तेव्हापासून तो आवाज मी काढलेला नाही.

मग मी शिकलो. बाईंनी दोऱ्याची रिकामी रिळं आणून दिली, काका कागदाच्या पुड्यांत बिया बांधून ठेवायचे. मी पुड्या सोडत बसायचो, रिळं कुरतडायचो, खिडकीतून गल्ली बघायचो. तास गेला, दुपार गेली, पुढे अख्खा दिवसही जायला लागला. खरं सांगतो, अवघड काहीच नव्हतं. हे कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

ताईंचं घर रिकामं करायला काका परवा पाच दिवस जाऊन आले. पाचही दिवस मी ओरडलो नाही, एक पीस उपटलं नाही. बाई वाटी भरून जायच्या आणि मी शेवटच्या दाण्यापर्यंत खायचो. भूक असो नसो, खायचो. माफी मागायची दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

काका आले. बाईंनी कौतुकानं सांगितलं, "एकदासुद्धा ओरडला नाही हो. शहाण्यासारखा राहिला पाचही दिवस."

काकांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले. पिशवीतून ताईंच्या चार वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, एक शाल, आणि आदल्या रात्री चार्ज करून सुरू केलेला फोन. ठीक दोन वाजता तो फोन वाजला. माझा आवाज. शेवटच्या घरघरीसकट. ताईंनी दुपारच्या औषधाच्या वेळेला माझाच गजर लावून ठेवला होता.

काकांनी तो बंद केला नाही. वाजून वाजून आपणच थांबला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पाच दिवस राहिलास की रे. तेव्हा का नाही राहिलास?"

मला चाळीसेक शब्द येतात. त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. बाई पदर डोळ्यांना लावून आपल्या दुकानात गेल्या.

तुमच्याही खांद्यावर कुणी असं बसलं असेल, तर कृपा करून त्याला आजच दांडीवर ठेवा. ओरडेल, ओरडू द्या. त्याच्या लबाडीवर हसू नका. आणि कुणी तुम्हाला नुसतं समोर बसायला बोलावलं असेल, तर आधी तिथे जाऊन या.

काका आता कामाला बसले की कधीतरी डावा खांदा थोपटतात. मी जातो. थोडा वेळ बसतो, शर्ट कुरतडत नाही. आणि त्यांनी सांगायच्या आधीच उडून माझ्या दांडीवर परत येतो.